पहिली स्लॅकलाइन: झाड कुठलं, ताण किती आणि पाय का थडथडतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. दापोलीजवळच्या गावात राहणाऱ्या दोघा भावंडांनी स्लॅकलाइनचं, म्हणजे दोन झाडांमध्ये ताणून त्यावर तोल सांभाळत चालायच्या पट्ट्याचं, तयार किट मागवलं: 15 मीटर लांब, 50 मिलिमीटर रुंद पट्टा आणि ताणायला रॅचेट, म्हणजे दांडा मारून पट्टा रिळावर गुंडाळणारं दातेरी साधन. घरामागच्या वाडीत 11 मीटर अंतरावरच्या दोन माडांना, मांडीच्या उंचीवर, जमेल तितका घट्ट बांधला. पट्ट्यावर पाय ठेवून उठलं की पाय शिलाई मशीनसारखा थडथडतो आणि दोन सेकंदांत माणूस खाली. माडाला बांधलेलं चालेल का, की पुळणीवरच्या सुरूला बांधावं, आणि चालायला सुरुवात करायची तरी कशी, असं त्यांना विचारायचंय.

थडथडीचं आधी सांगतो, कारण बहुतेक जण तिथेच कंटाळून पट्टा माळ्यावर टाकतात. हा पायातला अशक्तपणा नव्हे. पट्टा जरा बाजूला सरकला की घोट्याकडून मणक्याला खबर जाते, मणक्याकडून स्नायूला हुकूम सुटतो, आणि हुकूम पोचेपर्यंत पट्टा दुसऱ्या बाजूला गेलेला असतो. म्हणजे प्रत्येक दुरुस्ती उशिरा आणि गरजेपेक्षा जोरात होते, आणि झोका थांबायच्या ऐवजी वाढतो. पट्ट्यावरचा सराव वाढला की ही प्रतिक्षिप्त क्रिया आपोआप मवाळ होते. त्यासाठी शंभर बैठका मारून फार काही साधत नाही, पट्ट्यावरच उभं राहावं लागतं. पण पट्टा बाजूला किती झुलू द्यायचा हे बरंचसं आपल्या हातात असतं, आणि 11 मीटर ही नवशिक्याची लांबी नाही. 6 मीटरवर या. 4 मीटरच्या खाली मात्र जाऊ नका. तेवढा आखूड पट्टा झुलतो कमी, पण इतक्या जलद कंप पावतो की पायाला काही शिकायलाच मिळत नाही.

उंचीचंही तसंच. झाडावर पट्टा जमिनीपासून 40 ते 45 सेंटिमीटरवर हवा, म्हणजे मोठ्या माणसाच्या गुडघ्याच्या किंचित खाली. तुम्हाला तो मांडीपर्यंत न्यावा लागला याचं कारणही लांबीच आहे: 11 मीटरचा पट्टा मधोमध जास्त खाली येतो, मग टेकू नये म्हणून वर बांधावा लागतो, आणि मग पडण्याची भीती वाटते. भीती वाटली की गुडघे ताठ होतात, आणि ताठ गुडघ्याला थडथड दुप्पट. अंतर कमी केलं की हे सगळं एकदम सुटतं.

आता ताण. कपडे वाळत घालायची दोरी जितकी ताठ ओढाल तितका एक ओला टॉवेलही भिंतीतला खिळा उपटायला पुरतो. सैल दोरीवर गोधडी टाकली तरी खिळा जागचा हलत नाही. इथेही तेच गणित. मधोमध उभ्या माणसाचं वजन गुणिले पट्ट्याची लांबी, भागिले झोळाची चौपट. झोळ म्हणजे उभं राहिल्यावर पट्टा मध्यभागी जितका खाली येतो तितकं अंतर. 60 किलोचा माणूस, 6 मीटर पट्टा, 30 सेंटिमीटर झोळ: प्रत्येक झाडावर साधारण 300 किलोचा ओढा. झोळ 20 सेंटिमीटर केला तर 450 किलो. 'जमेल तितका घट्ट' म्हणत 10 सेंटिमीटरवर आणला तर 900 किलो. हे नुसतं शांत उभं राहण्याचं. उडी मारली की आकडा आणखी चढतो. 6 मीटरला 20 ते 25 सेंटिमीटर झोळ ठेवा. मोजायला सोपी रीत: एकाने मधोमध शांत बसायचं, दुसऱ्याने जमिनीपासून पट्टा किती उरला ते पट्टीने बघायचं. 45 वर बांधला आणि बसल्यावर 20 ते 25 उरले, तर ताण बरोबर आहे.

एवढा ओढा सोसणारं झाड कुठलं, हा या उत्तरातला मुख्य भाग. बुंध्याचा घेर, जिथे पट्टा बसणार त्या उंचीला, किमान 1 मीटर असावा. शिंप्याच्या टेपने मोजा, डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. कोकणातल्या घरामागे बघायचं तर आंबा आणि फणस पहिल्या पसंतीचे. मुळं खोल, लाकूड घट्ट, साल जाड, आणि तांबड्या मातीत पाय रोवून उभे. चिंच, करंज, उंडी जाड बुंध्याची असेल तर उत्तम. काजू नको: तो खालीच फांद्या फोडतो, वाकडा वाढतो आणि सालीतून डिंक येत असेल तर आत कीड असण्याची शक्यता असते. शेवगा, पांगारा, पपई यांचं लाकूड ठिसूळ किंवा मऊ. विचारही करू नये. पोफळ उंचीने कितीही भव्य दिसली तरी घेरात मार खाते. वडाच्या मूळ बुंध्याला हरकत नाही, पारंब्यांना नको.

माडाबद्दल उत्तर 'हो'ही आहे आणि 'शक्यतो नको'ही. घट्ट जमिनीतला, सरळ, जाड, तरणाताठा माड 6 मीटरच्या आणि गुडघ्याखालच्या पट्ट्याचा ओढा सहज घेतो. अडचण ताकदीची नाही, दुसऱ्याच दोन गोष्टींची आहे. पहिली डोक्यावर आहे. सोललेला नसलेला नारळ दीडेक किलोचा असतो, वाळकी झावळी त्याहून लांबरुंद, आणि तुम्ही खाली पट्टा हलवत असता. पाडेली येऊन गेल्यानंतरचे दोन-चार आठवडे, वाळक्या झावळ्याही उतरवलेल्या असताना, एवढाच काळ त्यातल्या त्यात बरा. दुसरी अडचण माडाच्या अंगात आहे. आंब्याच्या सालीला जखम झाली तर कडेने नवी साल येऊन ती भरते. माडाला तशी व्यवस्थाच नसते. बुंध्यावर पडलेला चरा जन्मभर राहतो. आणि अशा उघड्या जखमेत सोंड्या भुंगा अंडी घालतो, हे वाडीवाल्यांना वेगळं सांगायला नको. एका मोसमाच्या खेळापायी फळता माड घालवणं काही शहाणपणाचं नाही. वाडीत दुसरं झाडच नसेल तर माडाला बांधा, पण खाली सांगतो तसं गोणपाट आणि कामट्या लावूनच, आणि दर वेळी त्याच माडाला नको.

झाड निवडलं की एकदा त्याच्याभोवती फिरून बघा. बुंध्याला अळंबीचे कान फुटलेत का, वाळवीची मातीची नळी वर चढलीय का, मुठीने ठोकल्यावर पोकळ वाजतं का, मुळाशी माती भेगाळली आहे का. यातलं एक जरी आढळलं तरी पुढचं झाड बघा. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि उत्तर रत्नागिरीत हजारो झाडं आडवी केली. तेव्हा हलून परत उभी राहिलेली, एका बाजूला कललेली झाडं अजूनही वाड्यांमध्ये दिसतात. वरून हिरवी असली तरी ती वगळा.

झाडाऐवजी खांब चालेल का, असं पुढे कुणीतरी विचारेलच. पडवीचा चिऱ्याचा खांब नाही. गडगा नाही. गेटचा खांब नाही. चिऱ्याचा किंवा विटांचा खांब वरून आलेलं वजन पेलायला बांधलेला असतो, आडवा ओढा त्याला सोसत नाही. नुसता हॅमॉक बांधून असे खांब अंगावर कोसळल्याने माणसं दगावली आहेत. विजेच्या खांबाबद्दल तर बोलायलाच नको.

बांधणीला लागू. किटमधले निळे-काळे फोमचे तुकडे आंब्याला पुरतात. माडाला किंवा पातळ सालीच्या झाडाला त्याआधी दुहेरी गोणपाट गुंडाळा आणि त्यावर बांबूच्या कामट्या उभ्या लावा, वीतभर उंचीच्या, बोटबोट अंतराने, बुंध्याच्या सगळ्या बाजूंनी. पट्टा कामट्यांवर बसतो, दाब पसरतो आणि पट्टा सालीवर आडवा घासत नाही. काथ्याचं जुनं पायपुसणं अर्धं कापून वापरलं तरी चालतं.

किटचे दोन भाग असतात: लांब पट्टा, ज्याच्या एका टोकाला शिवलेला लूप आहे, आणि मीटर-दोन मीटरचा आखूड पट्टा, ज्याच्या एका टोकाला लूप आणि दुसऱ्याला रॅचेट. लांब पट्टा पहिल्या झाडाभोवती घेऊन मोकळं टोक त्याच्याच लूपमधून ओढून काढायचं. लूप बुंध्याच्या बाजूला, दुसऱ्या झाडाकडे तोंड करून बसला पाहिजे. मागे राहिला तर शिलाईवर तिरका ओढा येतो. दुसऱ्या झाडाला आखूड पट्टा तसाच. रॅचेट लोंबू लागलं की त्याचा दांडा जमिनीकडे येईल असं फिरवा. वर राहिला तर चुकून त्यावर पाय किंवा गुडघा आपटतो. किटच्या पत्रकात वेगळी दिशा दाखवली असेल तर मात्र पत्रकाप्रमाणेच करा.

मग लांब पट्ट्याचं टोक रॅचेटच्या फिरत्या रिळाच्या खाचेतून घाला आणि हाताने, दोघांनी मिळून, सगळी ढील ओढून काढा. नवशिक्यांची सगळ्यात जास्त फसगत इथे होते. हाताने ढील काढली नाही तर रिळावर पट्ट्याची वेटोळी चढत जातात, चौकट गच्च भरते, आणि ताण अर्धवट असतानाच दांडा फिरायचा थांबतो. उलट वेटोळी फार कमी असली तर पट्टा घसरतो. किमान दोन पूर्ण वेटोळी रिळावर हवीत, आणि ती एकावर एक नीट बसलेली. पट्टा तिरका चढून चौकटीच्या कडेला घासू लागला तर त्याची कड दातांत सापडते. अशी कड एकदा कुरतडली की किट बाद. पहिले चार-पाच दात फिरवून झाले की वाकून बघा, तिरका असेल तर सोडा आणि परत घाला. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. पट्ट्याला कुठे पीळ पडला नाही ना हेही त्याच वेळी बघून घ्या.

दांडा फक्त हाताने मारायचा. लांब पाइप अडकवून जोर लावायचा मोह होतो, तो टाळा. दांड्याची लांबी ठरवतानाच किती ताण पुरे हे ठरलेलं असतं. झाल्यावर दांडा पूर्ण मिटून खटका बसल्याचा आवाज आला पाहिजे. 15 मीटरपैकी उरलेला पट्टा गुंडाळून झाडामागे अडकवून ठेवा, पायात येऊ देऊ नका.

सोडताना बांधण्यापेक्षा दुप्पट लक्ष द्या. हे रॅचेट थोडंथोडं सैल होत नाही, एकदम सुटतं. पट्ट्यावर कुणी नाही, पट्ट्याच्या रेषेत कुणी उभं नाही, लहान मूल जवळ नाही, हे बघायचं. हातमोजे घालायचे, लांब केस आणि ओढणी मागे बांधायची. खटका आत ओढून धरायचा आणि दांडा पूर्ण उघडून सपाट करायचा. रीळ गर्रकन फिरतं आणि फटाक् आवाज होतो. दुसरा हात त्या वेळी रिळापाशी नको, चेहरा तर नकोच.

बाजारातल्या ट्रकचा माल बांधायच्या पट्ट्याने काम होईल का? दिसायला तो असाच असतो, पण त्यावर किती वजन सोसतो याचं लेबल नसेल, किंवा टोकाला लूपऐवजी लोखंडी हूक असतील, तर नको. झाडाभोवती हूक अडकवण्याची नीट जागाच नसते, आणि तो निसटला तर गोफणीतल्या दगडासारखा येतो. बंदरावर मिळणारा ट्रॉलरचा जुना दोर तर उन्हाने आतून कुजलेला असतो. शिवाय गोल दोरावर पाय टिकत नाही.

25 मिलिमीटरचा पट्टा घ्यायला हवा होता का, असंही अनेकांना वाटतं. सरावलेली मंडळी तोच वापरतात, हे खरं. रुंद पट्ट्याने तोल सोपा होतो असा समज आहे, तो अर्धाच बरोबर. पायाला विश्वास वाटतो, पण 50 मिलिमीटरच्या पट्ट्याच्या कडेवर पाय पडला की तो उलटतो आणि घोटा मुरगळतो. त्यामुळे रुंद पट्ट्यावरही पाऊल मधोमधच ठेवायची सवय लावा, जणू पट्टा बोटभर रुंद आहे. असलेलं किट पुरेसं आहे, नवं काही घेऊ नका.

जागा साफ करा. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना 2 मीटरपर्यंत चिरा, कापलेल्या झाडाचा खुंट, नारळाची सोडणं, वाडीला पाणी देण्याचा पाइप काही नको. पाचोळा खराट्याने लांबूनच झाडा. त्यात विंचू किंवा फुरसं असू शकतं आणि तुम्ही अनवाणी असणार आहात. पावसाळ्यात शेवाळलेल्या जांभ्यावर उतरायची वेळ येईल अशी जागा असेल तर तो मोसम सोडून द्या.

आता पाय. अनवाणीच. रॅचेटच्या दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करा आणि रॅचेटपासून नेहमी दीड मीटर लांब राहा. झाडापासून साधारण 2 मीटरवर, पट्ट्याच्या शेजारी उभे राहा. मधोमध नको, तिथे झोका सगळ्यात मोठा असतो. जवळचा पाय पट्ट्यावर लांबीने ठेवा: टाचेच्या मध्यापासून अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या मधल्या फटीपर्यंत पट्टा गेला पाहिजे. पाय आडवा ठेवला तर तळव्याला पकड आल्यासारखी वाटते, पण बाजूचा तोल सांभाळायला काही उरत नाही.

गुडघा पायाच्या बोटांवर येईपर्यंत पुढे झुका, सगळं वजन त्या पायावर घ्या आणि एका सलग हालचालीत उठा. जमिनीवरच्या पायाने उडी मारून वर यायचं नाही. त्या धक्क्यानेच पट्टा पलीकडे पळतो. पायऱ्या चढताना जसा वरच्या पायाने स्वतःला उचलतो तसं. वर आल्यावर दुसरा पाय लगेच पट्ट्यावर ठेवायची घाई नको. तो हवेत, किंचित बाजूला, मोकळा राहू दे. तो तुमचा तोलाचा काटा आहे.

हात खांद्यांच्या वर, कोपरं सैल. माणसं हात बाजूला सरळ पसरतात आणि ताठ करतात, विमानासारखे. त्याने काम होत नाही. कोपरातून वाकलेले, डोक्याच्या उंचीवर झुलणारे हात वेगाने हलवता येतात, आणि तोल सावरतो तो हातांनी, कमरेने नाही. डोंबाऱ्याच्या खेळात दोर ताठ असतो आणि हातात लांब बांबू. तिथे शरीर दोराच्या वर स्थिर ठेवायचं असतं. इथे उलट आहे. पट्टाच हलतो, तेव्हा आपण त्याला पायाखाली परत आणायचं. कंबर आणि खांदे शांत, हात आणि मोकळा पाय बोलते.

नजर पावलाकडे गेली की तोल गेलाच म्हणून समजा. समोरच्या झाडाच्या बुंध्यावर, पट्टा जिथे बांधलाय तिथेच लाल चिंधी बांधा आणि तिच्याकडे बघत राहा. श्वास रोखला जातो तो मुद्दाम सोडत राहा. मोठ्याने अंक मोजले की आपोआप सुटतो.

पहिल्या दिवसाचं ध्येय चालणं नाही. उजव्या पायावर 10 सेकंद, डाव्या पायावर 10 सेकंद, सलग तीन वेळा. बस. एक पाय हमखास कच्चा निघतो, त्याला दुप्पट वेळ द्या. तुम्ही दोघं आहात हे फार सोयीचं आहे: एकजण शिकताना दुसऱ्याने पलीकडच्या टोकाकडे, रॅचेटपासून दीड मीटर अंतर राखून, पट्ट्यावर नुसतं बसायचं. त्याच्या वजनाने झोका मरतो आणि थडथड निम्म्याने कमी झाल्यासारखी वाटते. दोन-तीन दिवसांनी त्याने उठावं. हात धरून चालवणं मात्र टाळा. हात घट्ट धरला की शिकणारा त्याच्यावर रेलतो आणि तोल खांद्यातून सांभाळायला लागतो, पायाला काहीच समजत नाही. फारच गरज पडली तर मदतनिसाच्या खांद्यावर दोन बोटं टेकवा, मुठीत धरू नका.

एका पायावरचे 10 सेकंद जमले की दुसरा पाय पुढे न्या. तो हवेतून आणून ठेवायचा नाही. पट्ट्याच्या कडेला घासत न्या, चवड्याने पट्टा चाचपा, मग टाच हळू टेकवा आणि वजन शेवटी सरकवा. घाईने टाकलेली तीन पावलं म्हणजे चालणं नव्हे, पुढे पडणं लांबवणं आहे. प्रत्येक पावलानंतर थांबता येतंय का, हे तपासत जा. एका वेळी वीस-पंचवीस मिनिटं, आठवड्यातून तीन-चार दिवस. दमलेला घोटा मुरगळतो, आणि 'शेवटचं एकदा' म्हणताना तर हमखास.

उतरणंही शिकायची गोष्ट आहे, आणि पहिल्याच दिवशी. तोल जातोय असं वाटलं की तो वाचवायला झगडत बसू नका. ज्या बाजूला जाताय त्या बाजूला पाऊल टाकून, गुडघे वाकवून, जमिनीवर या. दोन्ही बाजूंना दहा-दहा वेळा मुद्दाम उतरून बघा. दोन चुका महाग पडतात. पहिली, पडताना मागे हात टेकणं, मनगट मोडतं. दुसरी, पट्टा दोन पायांच्या मध्ये येईल असं उतरणं. ताणलेला पट्टा वजन सुटल्याबरोबर वर उसळतो, आणि तो कुठे लागतो हे सांगायची गरज नाही. नडगीवर एक-दोन वळ सगळ्यांनाच उठतात.

मुलांसाठी पट्टा 30 सेंटिमीटरवर घ्या. त्यांच्या वजनाला झोळ कमी पडतो. उड्या मारायला देऊ नका आणि रॅचेटवर जाड कापड गुंडाळून ठेवा, कारण त्यांची बोटं नेमकी तिथेच जातात.

पुळणीचं बोलू. गुहागर, काशिद, तारकर्लीकडे किनाऱ्याला लागून सुरूची बनं आहेत, सावली आहे, खाली मऊ वाळू आहे; मोह होणारच. सुरूचं लाकूड मजबूत असतं, पण समुद्राच्या बाजूच्या पहिल्या रांगेची मुळं लाटांनी उघडी पडलेली असतात. अशा झाडांना बांधू नका, दोन-तीन रांगा आत या, जिथे मुळं वाळूखाली आणि घेर मीटरभर आहे. बरीचशी सुरूबनं वन खात्याने लावलेली आहेत, तेव्हा आधी विचारून घ्या. आणि वाळू मऊ आहे म्हणून उंच बांधायचं नाही: वाळूत पाय एकसारखा रुतत नाही, त्यामुळे घोटा मातीपेक्षा इथेच जास्त मुरगळतो. वरची वाळू हाताने चाळून शिंपले आणि बाटल्यांच्या काचा काढा.

झाडं नसलेल्या उघड्या किनाऱ्यावर ओंडका पुरून त्याला पट्टा बांधणारे असतात. नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये. कोरडी वाळू ओढ्याखाली हळूहळू सरकते आणि ओंडका सांगून वर येत नाही. दुसरं कारण तुमच्याच तालुक्यातलं आहे: आंजर्ले आणि शेजारच्या मंडणगडातलं वेळास इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत माद्या येतात आणि पिल्लं पुढे मेपर्यंत निघत राहतात. त्या काळात वाळूत खणणं, मेखा ठोकणं, रात्री दिवे लावून सराव करणं अजिबात नको.

किनाऱ्यावर सकाळ चांगली. दुपारी खारे वारे सुटले की रुंद पट्टा पंख्यासारखा फडफडतो आणि गुणगुणतो. बांधतानाच एका टोकाला, जिथे पाय पडणार नाही तिथे, मुद्दाम अर्धा पीळ दिला की फडफड बरीच थांबते. आधी सांगितलेल्या 'पीळ नको' या नियमाला हा एकच अपवाद. संध्याकाळी गुडघ्याएवढ्या उंचीचा पट्टा कुणालाही दिसत नाही. पुळणीवर मोटरसायकली येतात, गुरं घराकडे परततात. मध्ये दोन-तीन ठिकाणी रंगीत चिंध्या लोंबवा, आणि पाणी प्यायला जरी लांब गेलात तरी पट्टा सोडून जा.

खाडीवर, ओढ्यावर किंवा विहिरीच्या कठड्याजवळ पट्टा बांधायचे व्हिडिओ बघून ते करून बघावंसं वाटेल. हा खेळ 1980 च्या आसपास अमेरिकेत योसेमिटीच्या गिर्यारोहकांमध्ये रुजला, आणि स्कॉट बाल्कमने 1985 मध्ये तिथल्या लॉस्ट ॲरो सुळक्यावरचा पट्टा पार केला, तोही आधी जमिनीलगत वर्षं घालवून. उंचीवरच्या पट्ट्याला दुहेरी पट्टे, दुहेरी आधार आणि कमरेला दोर असतो. तुमच्या किटमध्ये यातलं काही नाही. आणि गुडघाभर पाणी ही पडायला सगळ्यात वाईट जागा: मऊ म्हणावं तर खोल नाही, आणि तळाचे दगड दिसत नाहीत.

शेवटी किटची देखभाल, कारण समुद्राजवळ ते पायांपेक्षा आधी दमतं. किनाऱ्यावरून आलं की पट्टा आणि रॅचेट दोन्ही गोड्या पाण्याने धुवा. वाळूचे कण धाग्यांत राहिले तर दर पावलागणिक आतून कापत राहतात. पट्टा सावलीत वाळवा, उन्हात नाही. ऊन पॉलिस्टर आणि नायलॉन दोन्ही खातं, म्हणून महिनोन् महिने बांधून ठेवायचा नसतो. रॅचेट कोरडं झालं की रिळाच्या टोकांना आणि खटक्याला शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-दोन थेंब, जादाचं पुसून टाका. ग्रीस नको, वाळू चिकटते. घरात हाताशी खोबरेल असतं म्हणून तेही नको. ते थंडीत थिजतं आणि पुढे चिकट होऊन धूळ धरतं.

दर वेळी बांधण्याआधी पट्टा बोटांमधून सरकवत एकदा पूर्ण बघा: कडेला कुरतडलेलं, घासून चकचकीत आणि कडक झालेलं, लूपच्या शिलाईचे धागे सुटलेले. यातलं काही दिसलं तर किट बाद. शिंप्याकडे नेऊन लूप परत शिवून घेणं चालत नाही, त्याचं मशीन आणि धागा या ओढ्यासाठी नसतो. पावसाळ्यापूर्वी सगळं धुऊन, खडखडीत वाळवून, झाकणाच्या डब्यात ठेवा. नुसत्या पिशवीत ठेवलं तर सप्टेंबरपर्यंत पट्ट्याला बुरशी, रॅचेटला गंज, आणि मध्येच कुठेतरी उंदराने केलेलं भोक, एवढं तयार असतं.

6 मीटर न थांबता, दोन्ही दिशांनी, तीन दिवस सलग चालता आलं की 8 मीटरवर जा. मग 10. तुमचे ते 11 मीटरचे दोन माड तोपर्यंत जागेवरच आहेत.